बारा मुलं, एक चेंडू

बडोद्याहून एका आईचं पत्र आलं आहे. नवऱ्याच्या नोकरीमुळे हे कुटुंब दोन वर्षांपूर्वी सोलापूरहून मांजलपूर भागातल्या एका सोसायटीत राहायला आलं. मुलगा आठ वर्षांचा, तिसरीत शिकणारा. घरात मराठी, शाळा इंग्रजी माध्यमाची, आणि खाली खेळणारी मुलं बहुतेक गुजराती बोलणारी. संध्याकाळी पार्किंगशेजारच्या मोकळ्या जागेत दहा-बारा मुलांचं क्रिकेट चालतं. हा रोज खाली जातो, अर्ध्या तासात वर येतो आणि टीव्ही लावून बसतो. मुलं त्याला नावानं हाक मारत नाहीत, ‘पेलो नवो छोकरो’, म्हणजे ‘तो नवा मुलगा’, म्हणतात. आईनं खोदून विचारल्यावर तो म्हणाला, “मला घेतात गं, पण चेंडू माझ्याकडे येतच नाही.” नवऱ्याचं म्हणणं, त्याला त्याचं विचारायला शिकू दे, आपण मध्ये पडायचं नाही. सासूबाईंचं म्हणणं, पोरगं मवाळ आहे, आखाड्यात घाला. आईला वाटतं, क्रिकेटच्या कोचिंगला घातलं तर खेळ सुधारेल आणि मुलं आपणहून ग्रुपमध्ये घेतील. एकदा तिनं दोन मुलांच्या आयांकडे शब्दही टाकून पाहिला. दोन दिवस मुलांनी त्याला बॅटिंग दिली, तिसऱ्या दिवसापासून पुन्हा पहिल्यासारखं. ती विचारते, “कोचिंगला घालू का? की तो मुळातच एकलकोंडा आहे, हे स्वीकारू?”

ताई,

तुमच्या पत्रात तुमचं, यजमानांचं आणि सासूबाईंचं म्हणणं सविस्तर आलं आहे. मुलाचं मात्र एकच वाक्य आहे, आणि मला सगळ्यात मोलाचं तेच वाटलं. तो असं म्हणाला नाही की मला घेत नाहीत. मला खेळता येत नाही, असंही म्हणाला नाही. त्यांची भाषा कळत नाही, ही तक्रारही त्याची नाही, ती काळजी तुमची आहे. तो म्हणाला, चेंडू माझ्याकडे येत नाही. आठ वर्षांच्या मुलानं इतकं नेमकं सांगितल्यावर आपण मोठ्यांनी आधी त्या वाक्यापाशी थांबायला हवं.

एक दिवस गॅलरीत उभं राहून त्यांचा खेळ नुसता बघा. बारा मुलं असली तरी एका वेळी चेंडूशी खरा संबंध तिघांचाच येतो: टाकणारा, मारणारा आणि यष्ट्यांमागे उभा असलेला. नवीन मुलाला उभं करतात दूर, गेटपाशी. तिथं चेंडू क्वचित जातो. गेला तर जोरात जातो, त्या क्षणी सगळे त्याच्याकडे बघून ओरडत असतात, आणि सुटला तर तेवढंच सगळ्यांच्या लक्षात राहतं. म्हणजे सरावाची संधी जवळजवळ नाही आणि परीक्षा मात्र सगळ्यांसमोर. अशा ठिकाणी अर्धा तास उभं राहून वर निघून येणारं मूल एकलकोंडं आहे, असं मी म्हणणार नाही. रोज पुन्हा खाली जातो, यावरून तर त्याला त्या मुलांत असावंसं वाटतं, हे दिसतंच आहे.

क्रिकेट वाईट आहे, असं यातून काढू नका. विजय हजाऱ्यांच्या, पठाण बंधूंच्या आणि पंड्या बंधूंच्या गावात मुलांनी दुसरं काय खेळावं? पण क्रिकेट हा दोन मुलांची ओळख करून देणारा खेळ नाही. ओळख झालेल्या मुलांनी एकत्र खेळायचा तो खेळ आहे. कोचिंगच्या नेटमध्येही प्रत्येक जण आपल्या पाळीची वाट बघत रांगेत उभा असतो. तिथं त्याची बॅट सरळ होईल, झेल पकडता येऊ लागेल, आणि हे चांगलंच आहे. पण तुम्हाला हवा आहे मित्र. तो तिथं भेटेलच, असं नाही. शिवाय मैत्रीसाठी आधी खेळ सुधारायचा, असं ठरवलं की मुलाला एक गोष्ट न बोलता कळते: तू आहेस तसा चालत नाहीस. हे त्याला कळू नये, असं मला फार वाटतं.

तुमच्या पत्रात ‘ग्रुप’ हा शब्द पुन्हा पुन्हा येतो. ग्रुपमध्ये घेत नाहीत, ग्रुपमध्ये मिसळत नाही. माझं तुम्हाला सांगणं आहे, की ग्रुप तूर्त बाजूला ठेवा. या वयाच्या मुलाला आधी एक जण हवा असतो. एक जोडीदार मिळाला, की त्याच्या बाजूला उभं राहून बारा जणांत जाता येतं. एकट्यानं चालू खेळात शिरणं मोठ्यांनाही जमत नाही. लग्नाच्या हॉलमध्ये ओळखीचं कुणी नसताना आपण काय करतो, हे यजमानांना विचारून बघा. ‘त्याचं त्याला विचारू दे’ हे त्यांचं म्हणणं हेतूनं चांगलं आहे, पण त्यांनी त्याला सगळ्यात अवघड पायरी पहिली दिली आहे.

या बाबतीत एक जुना अभ्यास मला महत्त्वाचा वाटतो. १९७९ मध्ये अमेरिकेत वायंडल फर्मन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बालवाडीतली इतरांपासून दूर दूर राहणारी काही मुलं निवडली. त्यांतल्या काहींना त्यांच्याहून साधारण एक-दीड वर्षानं लहान मुलाबरोबर, काहींना बरोबरीच्या मुलाबरोबर, दोघंच असताना खेळायला दिलं. काही आठवडे अशा मोजक्या बैठका झाल्या. नंतर वर्गात पाहिलं तर ही मुलं इतरांत जास्त मिसळू लागली होती, आणि सगळ्यात जास्त फरक पडला होता लहान जोडीदार मिळालेल्या मुलांत. कारण समजण्यासारखं आहे. लहान मुलाबरोबर खेळताना पुढाकार घ्यायची संधी मिळते, आपलं म्हणणं ऐकलं जातं, आणि तोच अनुभव मूल पुढे वर्गात घेऊन जातं. ती मुलं तुमच्या मुलापेक्षा लहान होती, हे खरं. तरी त्यातली दिशा तुमच्या उपयोगाची आहे. कुणी भाषण दिलं नाही, धीट व्हायला सांगितलं नाही, मोठ्या घोळक्यात ढकललं नाही. एक जोडीदार दिला आणि खेळायला वेळ दिला.

दुसरा अभ्यास अलीकडचा, २०१७चा, वॉशिंग्टन विद्यापीठातला. चार वर्षांच्या मुलांच्या जोड्यांना झोपाळ्यांवर बसवलं. काही जोड्यांचे झोके एका लयीत, काहींचे वेगवेगळ्या लयीत. त्यानंतर दोघांनी मिळून करायची कामं दिली, तेव्हा एका लयीत झुललेल्या जोड्यांचं जास्त चांगलं जुळलं. बडोद्यात राहणाऱ्याला यात नवल वाटू नये. नवरात्रात अनोळखी माणसंही एका तालात फेर धरतात आणि दोन रात्रींनंतर ओळखीची होऊन जातात. दोघांमध्ये चेंडू जातो-येतो, तेव्हाही असाच ताल तयार होतो. तू टाक, मी झेलतो, मी टाकतो, तू झेल. समोरच्याच्या हाताकडे बघावं लागतं, त्याची तयारी झाली का हे ओळखावं लागतं, थांबावं लागतं. आणि बोलायला लागणारे शब्द अगदी थोडे. मराठी, गुजराती, इंग्रजी, कशातही चालतं.

उत्तरायणात, म्हणजे गुजरातच्या संक्रांतीत, गच्चीवर एक जण पतंग उडवतो आणि दुसरा फिरकी धरतो. फिरकीवाल्याकडे कुणाचं लक्ष नसतं, पण त्यानं ढील वेळेवर दिली नाही तर पतंग जाईल, हे दोघांनाही माहीत असतं. तुमच्या मुलाला हवा आहे तो असा खेळ: ज्यात त्याच्यावाचून समोरच्याचं अडतं.

आता जोडीदार कोण? सोसायटीतला सगळ्यात लोकप्रिय मुलगा निवडू नका. त्याला गरज नाही आणि वेळही नाही. क्रिकेटच्या कडेला उभी असलेली इतर मुलं बघा. प्रत्येक सोसायटीत ती असतात: कुणाचा तरी धाकटा भाऊ, ज्याला बॅटिंग मिळत नाही; ‘छोकरीओने नहीं’ म्हणून बाजूला केलेली एखादी मुलगी; संध्याकाळी आजोबांबरोबर बाकावर बसणारं पोर. एक-दोन वर्षांनी लहान असेल तर उत्तमच. मुलगा की मुलगी, गुजराती की सिंधी, हा विचारच नको. दोन-तीन नावं मनात धरा आणि त्यातलं कोण, हे मुलालाच ठरवू द्या.

चेंडूकडे जरा लक्ष द्या, कारण अर्ध्या अडचणी चुकीच्या चेंडूमुळे होतात. टेनिसचा चेंडू लहान हातांना झेलायला कठीण: छोटा, वेगवान आणि उसळणारा. साधारण नारळाएवढा किंवा थोडा मोठा, मऊ रबराचा किंवा स्पंजचा चेंडू घ्या. हवेचा असेल तर थोडी हवा कमी करा, म्हणजे बोटं रुततात आणि तो हातातून निसटत नाही. काहीच नसेल तर जुने मोजे एकात एक गुंडाळून शिवून टाका. असा चेंडू पडला तरी जागीच राहतो, गटारात जात नाही, कुणाच्या गाडीच्या काचेवर आदळला तरी भांडण होत नाही. वयाचं भानही हवं. तीन-चार वर्षांचं मूल दोन्ही हात पुढे करून चेंडू छातीशी कवटाळतं. नुसत्या हातांनी झेलणं त्यानंतर हळूहळू येतं, आणि सात-आठ वर्षांच्या मुलांतही बराच फरक असतो. चेंडू येताना तोंड फिरवणं, डोळे मिटणं हे भीतीचं लक्षण आहे, भित्रेपणाचं नाही. चेंडू मऊ आणि संथ झाला की ते आपोआप जातं.

सुरुवात करा ती घरंगळत्या चेंडूनं. आठ वर्षांच्या मुलासाठी हे फार सोपं वाटेल, पण जोडीदार पाच-सहा वर्षांचा असेल तर दोघांनी पाय फाकून समोरासमोर बसून, एकमेकांच्या पायांना पाय लावून चेंडू ढकलण्यात पाच मिनिटं मजेत जातात. तेवढ्यात लाज जाते.

मग झेलाझेली, पण हिशेब बदलून. एरवी मुलं काय मोजतात? तुझे किती सुटले, माझे किती. इथं दोघांचं मिळून मोजायचं. चेंडू न पडता किती वेळा गेला-आला, हा एकच आकडा आणि तो दोघांचा. प्रत्येक पाच झेलांनंतर दोघांनीही एक पाऊल मागे जायचं. चेंडू पडला की एक पाऊल पुढे यायचं. पडला म्हणून कुणी बाद नाही, फक्त अंतर कमी होतं. यातली खरी गंमत नियमापेक्षा मोठी आहे. झेल सुटला तर दोष झेलणाऱ्याचा, असं क्रिकेटनं मुलांच्या डोक्यात बसवलेलं असतं. इथं टाकणाऱ्यानं विचार करायचा असतो, की त्याला झेलता येईल असा मी टाकला का? समोरच्याला जमावं म्हणून आपला जोर आवरणं, मला वाटतं सहकार्याचा पहिला धडा हाच आहे, आणि तो उपदेशानं शिकवता येत नाही. सुरुवातीला मुलं मुद्दाम अवघड टाकतील. रागावू नका. एवढंच विचारा, “काल बारा झाले होते, आज किती होतात?” आकडा वाढावा असं दोघांनाही वाटलं, की हात आपोआप हलका होतो.

याच खेळात एक भर घाला, आणि तुमच्या घरासाठी ही सगळ्यात आवश्यक आहे: चेंडू टाकण्याआधी समोरच्याचं नाव घ्यायचं. नाव घेतल्याशिवाय टाकलेला चेंडू मोजायचा नाही. ‘पेलो नवो छोकरो’ म्हणणाऱ्या मुलांना तुमच्या मुलाचं नाव कदाचित खरोखरच माहीत नसेल, आणि दोन वर्षं झाल्यावर विचारायची त्यांना लाज वाटत असेल. खेळात ते नाव वीस वेळा उच्चारलं जाऊ दे.

तिसरा खेळ पंच्याचा. पंचा नसेल तर टॉवेल किंवा जुनी ओढणी. दोघांनी दोन-दोन टोकं धरायची, मधे चेंडू ठेवायचा आणि तो वर उडवून पुन्हा पंच्यातच झेलायचा. एकानं जास्त ओढलं तर चेंडू त्याच्या बाजूला पडतो, ढिला सोडला तरी पडतो. न बोलता एका वेळी उचलायला शिकावं लागतं. मुलं आपोआप मोजायला लागतात, ‘एक, बे, त्रण’ किंवा ‘एक, दोन, तीन’, आणि कोणत्या भाषेत मोजायचं यावर खिदळतात. मला हा खेळ सगळ्यात आवडतो, कारण यात कुशल मूल आणि कच्चं मूल असा फरक उरत नाही. पंचा दोघांचा असतो. आणि दोन जोड्या झाल्या, की एका पंच्यातून दुसऱ्या पंच्यात चेंडू उडवता येतो. दोनाचे चार व्हायला हा सोपा रस्ता आहे.

हात न लावता चेंडू नेणं हाही खेळ चांगला. पाठीला पाठ लावून, मधे चेंडू दाबून, एका खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत तिरपं चालत जायचं. ज्या मुलांना अंगाला अंग लागलेलं आवडत नाही, त्यांना हा खेळ लादू नका; त्यांना दोन काठ्या किंवा दोन पुठ्ठे द्या आणि त्यांवर चेंडू तोलत न्यायला सांगा. भिंतीवरचा चेंडू तर तुम्हीही लहानपणी खेळला असाल: एकदा तू, एकदा मी, एक टप्पा पडल्यावर. त्यातही ‘तू आउट’ काढून टाका आणि दोघांची मिळून साखळी मोजा. भिंत कुणाच्या बेडरूमची नाही ना, हे वॉचमनला आधी विचारा.

दोघांचा हात बसला की दोन चेंडू द्या. एकानं वरून टाकायचा, दुसऱ्यानं त्याच वेळी टप्प्यानं. ‘तैयार?’ असं विचारल्याशिवाय हे जमतच नाही, आणि तो एक शब्द विचारायची सवय लागणं हेच यातलं फळ.

हे सगळं एका संध्याकाळी करायचं नाही. एक खेळ, पंधरा-वीस मिनिटं, आणि मुलं रंगात असतानाच थांबायचं. कंटाळा येईपर्यंत ताणलं, की दुसऱ्या दिवशी बोलवायला जावं लागतं.

तुम्ही काय करायचं, ते आता सांगते. पहिल्या दोन-तीन वेळा तुम्ही स्वतः खाली जा. पहिली पाच मिनिटं पंच्याचं एक टोक तुम्ही धरा, किंवा आकडा मोठ्यानं मोजा. मग बाकावर जाऊन बसा, आणि तिथून सूचना देऊ नका. ‘अरे नीट टाक’, ‘त्याला पण दे ना’ हे शब्द तोंडावर आले तर गिळा. वाद होईल. आकडा सोळा की सतरा, यावरून दोघं पाच मिनिटं भांडतील. ते भांडण मिटवणं हा खेळाचाच भाग आहे. हातघाईवर आलं किंवा कुणी रडायला लागलं तरच उठा. मोठी मुलं येऊन चेंडू मागतील, हेही गृहीत धरा. ‘दहा मिनिटांनी देतो’ एवढं वाक्य मुलाला आधीच शिकवून ठेवा, गुजरातीत: ‘दस मिनिट पछी आपीश.’ घरी दोनदा म्हणवून घ्या. भाषेची पहिली शिदोरी व्याकरणापेक्षा अशा वाक्यांची असावी.

आणि एक गोष्ट, जरा जपून विचारते. तुमच्या पत्रात सोलापूरच्या शेजारणींचा उल्लेख तीनदा आला आहे. बडोद्यातल्या एकाही मैत्रिणीचा नाही. दोन मुलांच्या आयांशी तुम्ही बोललात, तेही विनंती करायला. हा दोष नाही. गाव बदलल्यावर बाईचं जग किती लहान होतं, हे घरातल्यांना बहुधा कळत नाही. पण मुलांच्या मैत्रीला या वयात दोन घरांची दारं लागतात. खेळून झाल्यावर त्या मुलाला वर पाणी प्यायला बोलवा, शेंगाची चटणी लावून भाकरीचा तुकडा द्या, त्याच्या आईला ‘केम छो’ म्हणा आणि पुढचं मोडक्या गुजरातीत बोला. मराठी इथं परकी नाही, गायकवाडांच्या काळापासून शहरात मुरलेली आहे. पुढची व्यक्ती अर्धं मराठी समजणारी निघाली तर आश्चर्य मानू नका. नवरात्र तोंडावर आहे. सोसायटीच्या गरब्याच्या तयारीला माणसं हवीच असतात. फुलांचं, प्रसादाचं, काहीतरी एक काम मागून घ्या. त्याचा फायदा तुम्हाला आधी होईल, मुलाला मागाहून.

सासूबाईंच्या आखाड्याच्या सूचनेला मी हसणार नाही. जुम्मादादा व्यायाम मंदिर आणि प्रोफेसर माणिकरावांची परंपरा हे बडोद्याचं वैभव आहे, आणि मल्लखांबानं मुलाच्या अंगात जो ताठपणा येतो तो मोलाचा आहे. त्याला आवडत असेल तर जरूर पाठवा. फक्त ‘मवाळ आहे म्हणून’ पाठवू नका. मवाळ मूल वाईट नसतं. जोडीच्या खेळांत तर अशी मुलं बहुतेकदा जास्त चांगली ठरतात, कारण ती समोरच्याकडे बघतात.

एक तपासणी मात्र या आठवड्यातच करा, ती डोळ्यांची. चेंडू वारंवार सुटणारी, अंदाज चुकणारी, लांबचं बघताना डोळे बारीक करणारी काही मुलं खेळात कच्ची नसतात, त्यांना चष्म्याचा नंबर असतो आणि कुणाला पत्ता नसतो. आणि तो एकाच मुलाबरोबरही पाळी-पाळीनं खेळू शकत नसेल, चुलत-मावस भावंडांतही बाजूला बसत असेल, चालताना-जिने उतरताना वारंवार धडपडत असेल, शाळेच्या दिवशी सकाळी पोटात दुखत असेल किंवा कुणी त्याला त्रास देतंय अशी शंका असेल, तर चेंडूवर भिस्त न ठेवता बालरोगतज्ज्ञांना आणि त्याच्या वर्गशिक्षकांना भेटा. तुमच्या पत्रात मला यातलं काही दिसलं नाही, तरी हे वाचणाऱ्या दुसऱ्या एखाद्या घरासाठी सांगून ठेवते.

शाळेतल्या आणि संस्कारवर्गातल्या बाई हे सदर वाचतात, म्हणून त्यांच्याशी दोन शब्द. चाळीस मुलांच्या वर्गात मोज्यांचे वीस चेंडू पालकांकडून आठवड्यात जमतात, खर्च काही नाही. पण ‘आपापला जोडीदार निवडा’ असं कृपा करून म्हणू नका. त्या एका वाक्यानंतर जे मूल शेवटी एकटं उरतं, त्याला त्या तासाचं दुसरं काहीही आठवत नाही. रंगीत दोऱ्यांचे तुकडे वाटा, एकाच रंगाचे दोघं एकत्र. दर पाच मिनिटांनी रंग बदला. संख्या विषम असेल तर तिघांचा त्रिकोण करा, किंवा तुम्ही स्वतः जोडीदार व्हा. नेहमी चिडवाचिडवी करणाऱ्याची आणि त्याच्या सावजाची जोडी पहिल्याच दिवशी लावू नका. आधी दोघांनाही दुसऱ्यांबरोबर खेळू द्या.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे येते. कोचिंगचा निर्णय दिवाळीच्या सुट्टीपर्यंत लांबवा. तोवर आठवड्यातून तीन संध्याकाळी, एक जोडीदार आणि एक चेंडू. तो स्वतःहून त्या मुलाचं नाव जेवताना घ्यायला लागला, की समजा काम सुरू झालं. दोघं मिळून क्रिकेटच्या बाजूला सरकू लागले, तर जाऊ द्या. नाही सरकले आणि पंचा, भिंत, गप्पा यांतच रमले, तरी काही बिघडलं नाही. सुट्टी लागली की त्यालाच विचारा, “तुला क्रिकेट शिकायचंय?” हो म्हणाला आणि कारण ‘मला आवडतं’ असं असेल तर फॉर्म आणा. कारण ‘म्हणजे ते मला घेतील’ असं असेल, तर फॉर्म राहू दे आणि मला पुन्हा लिहा.